न बिघडलेल्या गाडीची दुरुस्ती

मला बघायला आले तेव्हा माझ्या सासूबाईंनी स्वयंपाकाचं विचारलं नाही की शिक्षणाचं विचारलं नाही. पोह्यांची बशी हातात घेऊन त्या म्हणाल्या, "गाडी चालवता येते का?"

मी म्हटलं, "स्कूटी येते."

"स्कूटी म्हणजे काही गाडी नव्हे. पण असू दे. रस्त्याची भीती तरी मोडली असेल."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्या मुलाकडे पाहिलं. नवरा मुलगा पोह्यांतले शेंगदाणे वेचून खात होता. पुढे कळलं, की त्याला गाडी शिकवायचा सासूबाईंनी पुष्कळ वर्षं प्रयत्न केला होता आणि शेवटी कंटाळून त्याचं लग्न करायचं ठरवलं होतं.

अशी मी लातूरकडून हैदराबादला, चिक्कडपल्लीच्या एका चिंचोळ्या गल्लीत आले. सासरची माणसं मूळची आमच्याच भागातली, शेतकरी, पण दोन पिढ्यांपासून शहरात रुजलेली. सासरे तारनाक्याला रेल्वेच्या कचेरीत होते. निवृत्त होऊन त्यांनी पूर्णवेळ देवधर्म धरला होता. सासूबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्याही निवृत्त झाल्या होत्या, पण ते त्यांना कुणी नीट समजावून सांगितलं नसावं. घरी बसून महिना होत नाही तोच त्यांनी कार्यांना खुर्च्या, टेबलं आणि मोठाली भांडी भाड्यानं द्यायचा धंदा काढला आणि त्यासाठी एक जुनी पिकअप घेतली. घेतली तेव्हाच ती दोन लाख किलोमीटर पळालेली होती. विकणाऱ्यानं प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "अम्मा, एखादं वर्ष चालेल." सासूबाईंनी दवाखान्यात अशी वाक्यं डॉक्टरांच्या तोंडून पुष्कळ ऐकली होती, आणि ज्यांच्याबद्दल ती बोलली गेली ते पेशंट नंतर बाजारात भाजी घेताना भेटलेही होते. त्यांनी गाडी घेतली.

आमच्याकडे सुना सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आत्याबाईंनी मला भल्या सकाळी उठवलं. मला वाटलं, तुळशीला पाणी घालायचं असेल. त्यांनी माझ्या हातात एक जुनं फडकं दिलं आणि मला पिकअपपाशी नेलं.

आमची गल्ली उताराची. इंजिनातलं ऑइल बघायचं तर गाडी सपाट जागेवर हवी आणि रात्रभर उभी राहून थंड झालेली हवी. सगळ्या गल्लीत सपाट जागा एकच, मारुतीच्या देवळासमोरची. म्हणून आदल्या संध्याकाळी गाडी तिथं नेऊन ठेवायची आणि सकाळी जाऊन बॉनेट उघडायचं असा त्यांचा नेम होता. देवळाच्या पुजाऱ्याची समजूत झाली होती, की ही बाई एवढी भाविक आहे की रात्रभर आपली गाडी देवासमोर उभी करते. तो रोज प्रसाद आणून द्यायचा. आत्याबाई एका हातानं प्रसाद खायच्या आणि दुसऱ्या हातानं ऑइलची काडी ओढून बाहेर काढायच्या.

"बघ. ही खालची खूण, ही वरची. मध्ये असलं की बरं. आता बोटाला लाव. खरखर लागते का?"

"नाही."

"वास घे."

मी वास घेतला. प्रसादाच्या साजूक तुपाचा आणि इंजिनच्या ऑइलचा वास एकत्र आला, आणि मला मळमळलं. बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. दुपारी शेजारच्या तेलुगू काकू माझ्यासाठी कैरीचं लोणचं घेऊन आल्या आणि माझ्या पोटाकडे बघत गोड हसल्या.

मग बाकीचं शिक्षण सुरू झालं. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालायचं नाही, कूलंटच घालायचं, कारण इथल्या बोअरच्या पाण्यानं चहाच्या पातेल्याची जी दशा होते तीच इंजिनाची होते. हवेच्या फिल्टरमधली धूळ झटकायची, आणि मेट्रोचं किंवा उड्डाणपुलाचं काम जिथं चालू आहे तिथून आलं तर लगेच झटकायची; म्हणजे हैदराबादेत जवळजवळ नेहमीच. गिअरबॉक्सचं आणि मागच्या आसाचं ऑइल बदलायचं, कारण ते सगळे विसरतात. इंजिनाचा पट्टा तुटायच्या आधी बदलायचा. पावसाळा संपला की गाडी खालून धुवायची, वरून नाही धुतली तरी चालेल. "वरचं तोंड धुवायला मामा आहेत," त्या म्हणायच्या.

बिघडलेली गाडी सगळेच दुरुस्त करतात. न बिघडलेली गाडी दुरुस्तीला नेण्यात काय अपमान आहे ते मला मलकपेठच्या गॅरेजात कळलं. रेसकोर्सच्या मागच्या बाजूला ते गॅरेज होतं, आणि तिथला मिस्त्री मोठा सभ्य माणूस होता, पण न बिघडलेली गाडी ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरत नसे.

"क्या हुआ अम्मा गाडी को?"

"कुछ नै हुआ."

"फिर कायकू लाये?"

"कुछ होना नक्को बोलके लाये."

मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं. घरात कुणी वेडं झालं की दवाखान्यात नातेवाइकांकडे बघतात तसं. मग तो समजुतीच्या आवाजात म्हणाला, "अम्मा, चलरी ना? चलने देव. बंद पडी तो मैं हूं ना."

"बच्चों को टीका बुखार आने के बाद लगाते क्या?"

"इंजिन खोलके देखूं फिर?"

"तुम्हारा पेट दुखता नै. खोलके देखूं?"

मिस्त्रीनं हसून पाना उचलला. त्या दिवशी त्यानं ऑइल बदललं, सांध्यांना ग्रीस भरलं, आणि आत्याबाईंच्या आग्रहावरून गाडीचा हीटरसुद्धा नीट करून दिला. मी परत येताना विचारलं, की बारा महिने घाम येणाऱ्या या गावात हीटर कशाला? त्या म्हणाल्या, "गाडीत जे जे दिलंय ते चालू पाहिजे. कधी कशाचं काम पडेल सांगता येत नाही." मला तेव्हा वाटलं, की मी ज्या घरात पडले त्या घरात एक माणूस देवाच्या नादी लागलाय आणि एक गाडीच्या, आणि तिसरा दोघांपासून सुटका म्हणून हायटेक सिटीत नोकरी करतोय.

मामांचीही गाडीवर श्रद्धा होती, पण तिची वाट वेगळी. दर शनिवारी नवं लिंबू, नव्या मिरच्या. मागच्या बाजूला काळी बाहुली. काचेच्या आतून तर त्यांनी इतके देव चिकटवले होते की डावीकडचं काही दिसायचं नाही. एकदा एक रिक्षा अगदी थोडक्यात वाचली, तेव्हा आत्याबाईंनी सगळे देव सोलून काढले आणि देव्हाऱ्यात ठेवले. "अहो, देवांना रस्ता दिसतो, मला दिसत नाही," एवढंच त्या म्हणाल्या. मामा दोन दिवस जेवले, पण बोलले नाहीत.

शेवटी तह झाला. बॉनेटच्या आतलं सगळं आत्याबाईंचं, बाहेरचं सगळं मामांचं. एकानं दुसऱ्याच्या हद्दीत हात घालायचा नाही. हा तह बरीच वर्षं चालला, आणि तो कसा मोडला ते मी डोळ्यांनी पाहिलं, कारण तेव्हा गाडी मी चालवत होते.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर आत्याबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी झापड, धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही, जोरात हसायचं नाही. दसऱ्याच्या दिवशी तारनाक्याला एका घराच्या वास्तुशांतीची ऑर्डर होती. खुर्च्या, टेबलं, पाट, भाताची दोन मोठी पातेली. मी एव्हाना गाडी चांगली चालवत होते, पण सणाच्या गर्दीत एवढं ओझं घेऊन एकटी कधी गेले नव्हते. मामा म्हणाले, "मी येतो सोबत."

ते पहाटेच उठून गाडीची पूजा करून बसले होते. मी खाली आले आणि गाडी ओळखेना. पुढे दोन्ही बाजूंना केळीचे खांब, छपरापेक्षा उंच. बॉनेटवर हळदीकुंकवाचे पट्टे. चाकांखाली लिंबं. आणि पुढच्या सगळ्या जाळीवर, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत, झेंडूची माळ. माळ म्हणजे काय, गादीच होती ती. पदरावर पदर लावून त्यांनी ती इतकी दाट बांधली होती की मागची जाळी दिसत नव्हती.

वरच्या गॅलरीतून आत्याबाईंनी विचारलं, "पुढे काय बांधलंय का?"

"एक छोटीशी माळ आहे," मामा म्हणाले.

"कुठं?"

"बाहेर," मामा म्हणाले. तहाप्रमाणे ते बरोबर होतं.

मीही काही बोलले नाही. फुलं सुंदर दिसत होती. रस्त्यावरच्या सगळ्याच गाड्या अशा नटल्या होत्या. रिक्षा, बस, पाण्याचे टँकर. मामांनी रस्त्यात कोहळा फोडला, मी चाकांखालची लिंबं चिरडली आणि आम्ही निघालो.

पुढे वाहतूक अशी तुंबली की काही विचारू नका. विद्यानगरच्या सिग्नलजवळ पुढची मिरवणूक जागची हलेना. ऊन चढलं होतं. मामा सोवळ्यात होते आणि मांडीवर पाण्याचा कलश धरून काहीतरी पुटपुटत होते. तेवढ्यात माझी नजर काट्यावर गेली. मी ती मुद्दाम नेली नव्हती. रोज सकाळच्या त्या छळानं डोळ्यांना सवयच लागली होती, जशी शेतात चालताना पायाखाली बघायची लागते. इंजिनाच्या तापमानाचा काटा नेहमी मधल्या रेघेच्या खाली असायचा. आता तो रेघेच्या वर गेला होता आणि सरकत होता.

मला आत्याबाईंनी एकदा सांगितलेलं आठवलं, की काटा चढला आणि लगेच थांबता येत नसेल तर हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनाची उष्णता तेवढीच आत ओढली जाते. मी काच खाली केली आणि हीटर सोडला.

मामांच्या तोंडावर वाफाळता वारा आला. ते स्तोत्राच्या मध्येच थांबले.

"सूनबाई, हे काय?"

"इंजिन तापलंय, मामा."

"मग मला कशाला तापवतेस?"

"तुमच्या वाट्याला थोडं, इंजिनाला थोडं कमी."

ते घामानं निथळत होते, कलशातल्या पाण्यात आंब्याची पानं हलत होती, आणि मला हसू येत होतं. पुढची गाडी जरा सरकली तशी मी डावीकडे घेतलं, रस्त्याच्या कडेला लावलं आणि इंजिन बंद केलं. मामा उतरून पुढे आले आणि म्हणाले, "झाकण उघड. हे पाणी घालतो. गंगाजल आहे थोडं यात."

"आत्ता झाकण उघडलं तर वाफेनं चेहरा भाजेल. थंड होऊ द्या."

"मग आपण काय करायचं?"

मी गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिले, आणि मग मला दिसलं. आत हवा जायची एकच वाट, आणि तिच्यावर मामांनी गादी अंथरली होती. तीन लाख किलोमीटरला टेकलेली गाडी, प्रत्येक पट्टा, प्रत्येक पाइप वेळेवर बदललेला, आणि ती बसली होती फुलांमुळे.

"मामा, माळ काढावी लागेल."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्यांचं जानवंच मागितलं. शेतकऱ्याच्या घरात जानवं नसतं, पण मामांनी निवृत्तीनंतर ते हौसेनं घातलं होतं. "पूजेची माळ अशी काढत नाहीत. विसर्जन करावं लागतं. तेही उद्या."

"उद्यापर्यंत थांबलो तर इंजिनाचंच विसर्जन होईल."

एवढ्यात ट्रॅफिकचा पोलीस आला. तेलुगू माणूस, तोही घामाघूम. "एमैंदम्मा?" काय झालं म्हणून त्यानं विचारलं. मी मोडक्या तेलुगूत सांगितलं, की गाडी तापली. त्यानं केळीचे खांब, हळदीचे पट्टे आणि माळ वरपासून खालपर्यंत बघितली आणि विचारलं, "इदि बंडा, पेळ्ळि मंडपमा?" ही गाडी आहे का लग्नाचा मांडव, असं. मामांना तेलुगू माझ्यापेक्षा चांगलं येतं. त्यांचा चेहरा पडला.

माझा फोन वाजला. तारनाक्याचे यजमान होते. भटजी बसायला पाट मागतायत, पाहुणे उभे आहेत, खुर्च्या कुठंत. मी म्हटलं, "येतोय," आणि फोन मामांच्या कानाजवळ धरून ठेवला, म्हणजे यजमानांचा पुढचा आवाज त्यांनाही ऐकू जावा.

मामांनी कलश पोलिसाच्या हातात दिला. मग त्या भर रस्त्यात, हॉर्न वाजत असताना, त्यांनी गाडीला हात जोडले, अक्षता वाहिल्या, "पुनरागमनाय च" म्हणून बंपर जरा हलवल्यासारखं केलं आणि स्वतःच्या हातानं माळेच्या गाठी सोडायला लागले. गाठी सुटेनात, कारण त्या सुतळीच्या होत्या आणि मामा कुठलंही काम अर्धवट करत नाहीत. पोलिसानं कलश खाली ठेवला आणि मदतीला आला. माळ निघाली ती त्यानं रस्त्यावरच्या लोखंडी अडथळ्यावर व्यवस्थित लावली. दोन पावलं मागे जाऊन बघितली आणि एक टोक जरा वर घेतलं. केळीचे खांब एका म्हशीनं नेले. तिच्या मालकानं आधी मामांना विचारलं, एवढं खरं.

इंजिन निवलं. मी फडक्यानं धरून झाकण हळू सोडलं, सीटमागच्या बाटलीतलं कूलंट ओतलं आणि गाडी चालू केली. काटा खाली आला आणि खालीच राहिला. तारनाक्याला पोहोचलो तेव्हा यजमान फाटकातच उभे होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "दृष्ट लागली होती गाडीला. उतरवून आलो." यजमानांचा राग तिथंच विरला, वास्तुशांतीच्या दिवशी दृष्टीशी कोण वाद घालणार? मी खाली मान घालून खुर्च्या उतरवल्या. धंद्यात सासऱ्यांचा उपयोग होतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

घरी आल्यावर मी सगळं खरं सांगितलं. आत्याबाई माझ्यावर किंवा मामांवर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी ऑइलची काडी मागवली. झापड नसलेल्या डोळ्याजवळ धरून बघितली, मला बघायला लावली.

"दुधाळ दिसतंय का?"

"नाही. आहे तसंच आहे."

"मग पाणी आत शिरलं नाही. गॅस्केट वाचलं. काटा कुठवर गेला होता?"

"लाल रंगाच्या अलीकडे."

"वेळेवर थांबलीस." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. लग्नात त्यांनी मला सोन्याचं गंठण घातलं होतं, पण ते घालताना त्या अशा बोलल्या नव्हत्या. मी काडी पुसत राहिले, ती केव्हाच स्वच्छ झाली होती तरी.

मग त्या मामांकडे वळल्या. "छोटीशी माळ म्हणजे किती छोटी होती?"

मामांनी आधी उपरणं नीट केलं. मग म्हणाले, "दोन टोपल्या."

आत्याबाई हसायला लागल्या. डॉक्टरांनी सांगितलेल्याची मी आठवण करून दिली, तशा त्या झापडीवर हात दाबून हसायला लागल्या. "आणि हीटर लावला होता पोरीनं? सोवळ्यात?" मामा म्हणाले, "वितळलो असतो मी." आणि मग तेही हसले. दसऱ्यालाही सुट्टी नसलेला नवरा संध्याकाळी ऑफिसातून आला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आई, धिस इज टू मच. विकून टाका ना ती, इलेक्ट्रिक घेऊ." मी त्याला आपट्याची पानं दिली आणि जेवायला वाढलं.

चारपाच दिवसांनी मामांनी मला विचारलं, की रेडिएटर म्हणजे नेमकं काय असतं. आत्याबाईंना विचारणं त्यांना शक्य नव्हतं. मी बॉनेट उघडून दाखवलं. पुढची बारीक पत्र्याची घडी, तिच्यातून जाणारा वारा, मागचा पंखा. त्यांनी हात मागे बांधून, वाकून, पुष्कळ वेळ बघितलं. पत्र्याच्या घड्यांत मेलेले किडे, धूळ आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या अडकल्या होत्या. त्या शनिवारी ते लिंबूमिरची घेऊन खाली गेले तेव्हा दुसऱ्या हातात मऊ ब्रश होता. तेव्हापासून रेडिएटर त्यांचा झाला. स्तोत्र म्हणत ते एकेक घडी साफ करतात. घाईत स्तोत्र संपलं तर पुन्हा सुरू करतात, त्यामुळे काम चोख होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण मामांना एकदा गाडीच्या आतल्या भागात रस वाटायला लागल्यावर त्यांनी तिथं पंचांग नेलं. ऑइल मंगळवारी बदलायचं नाही, अमावास्येला गिअरबॉक्सला हात लावायचा नाही. आत्याबाई पहिल्यांदा चिडल्या, मग त्यांच्या लक्षात आलं, की मामा तिथी विसरत नाहीत. आम्ही दोघी कामाच्या धबडग्यात ग्रीसिंगचा दिवस चुकवत होतो, मामांचा मुहूर्त कधी चुकत नव्हता.

भांडण झालं ते पुढच्या वर्षी, पितृपक्षात. त्या पंधरवड्यात लग्नं नसतात, ऑर्डरी नसतात, गॅरेजं रिकामी असतात. आत्याबाईंना कूलंट बदलून घ्यायचं होतं. मामा म्हणाले, "पितृपक्षात नवीन काही घ्यायचं नसतं."

"नवीन घेऊ नका. जुनं काढायला चालतं ना?"

मामांनी पंचांग उघडलं. मग दुसरं, तेलुगू पंचांग उघडलं. शेवटी देवळातल्या पुजाऱ्याला फोन लावला. तो बिचारा बराच वेळ विचार करत होता. मग म्हणाला, की कूलंटबद्दल शास्त्रात काही लिहिलेलं त्याच्या वाचनात नाही.

"मग चालतं," आत्याबाई म्हणाल्या आणि गाडीची किल्ली माझ्याकडे फेकली. मामांनी चप्पल घातली, ब्रश पिशवीत टाकला आणि मधल्या सीटवर जाऊन बसले.